पाचवा चटका

माझ्या कमरेवर, पाठीच्या कण्यापासून चार बोटं डावीकडे, करदोट्याच्या खाली एक गोल डाग आहे. चिंचोक्याएवढा. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी अजून पाहिलेला नाही. आरशासमोर उभं राहून मान मोडेपर्यंत वळलो तरी दिसत नाही. बायकोला मात्र तो पाठ आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच अनोळखी माणसांनीही तो पाहिला आहे. कसा, ते शेवटी सांगतो.

वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या डोंगराखाली आमचं गाव. घरी भाताची शेती, आणि मी मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी मी एका तापातून वाचलो. त्या तापाची शास्त्रीय माहिती डॉक्टरांनी लिहिलेली पुष्कळ सापडेल, मी त्यात तोंड घालत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की आजारानं मला अर्धं मारलं होतं आणि उरलेलं अर्धं काम मी खोटं बोलून माझ्या हातानं करत होतो. रानात जाणाऱ्या माणसानं हे वाचावं म्हणून लिहितोय.

तोंडाचा पराक्रम

सुरुवात तापाच्या पुष्कळ आधीची, नव्वदच्या दशकातली. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा, अंगात रग आणि तोंडाला लगाम नाही.

आमच्याकडे भात पिवळं पडायला लागलं की डोंगरातून डुकरं उतरतात. एक कळप शेतात शिरला की वर्षाची मेहनत लोळवून जातो. मग गावातली माणसं कुत्री घेऊन हाका काढायची, म्हणजे आरडाओरडा करत रान उठवायची, आणि पुढे दबा धरून बसलेले गडी डुक्कर टिपायचे. कायद्यानं तेव्हाही बंदी होती, आजही आहे. मी त्याची वकिली करत नाही. आम्ही जात होतो, एवढं खरं.

आमचा म्होरक्या काशिनाथ, माझा थोरला चुलत भाऊ. बुटका, रुंद, बोलणं मोजकं. रानात कुठली फांदी कधी मोडली हे बघून सांगणारा. त्याच्याकडे पीक राखणीची परवान्याची बंदूक होती. त्या वर्षी त्यानं एका गोळीत मोठा सुळेवाला डुक्कर लोळवला आणि मला राहवेना. म्हसा गावच्या जत्रेत बैल बघायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर चार ओळखीचे भेटले आणि मी सुरू झालो. बंदूक कुणाची, डुक्कर कुठे पडला, सुळे कुणाच्या ओटीवर टांगले आहेत, सगळं हातवारे करून सांगितलं. लोक वाहवा करत होते. शेजारच्या बाकावर चहा पिणारा माणूस वनखात्यातला होता, हे मला चार दिवसांनी कळलं.

काशिनाथ अकरा दिवस आत होता. बंदूक गेली. कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षं चालल्या आणि त्यापायी त्याच्या पोरीचं लग्न दोनदा पुढे गेलं. मला वाटलं होतं सुटून आल्यावर तो मला बडवेल. बडवलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बाळ्या, मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकं घालतात ना, तसं घाल तोंडाला." त्यानंतर कामापुरतं सोडून तो माझ्याशी बोलला नाही.

पुढे त्यानंच गावदेवीपुढे नारळ ठेवून नेम घातला. शिकारीचं कोणी गावाबाहेर बोलायचं नाही. घरच्या बाईनंही नाही. बोलेल त्याचा वाटा जन्माचा बंद.

वाट्याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शिकार झाली की सागाच्या पानांवर मांसाचे सारखे ढीग लावतात. घरटी एक ढीग, कुत्र्याच्या नावाचा एक, आणि घरात बाई पोटुशी असेल तर पोटातल्या जिवाचाही एक. ज्याचा ढीग नाही तो गावचा नाही, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी नारळाला पहिला हात मी लावला. पश्चात्तापानं आतून जळत होतो म्हणून लावला.

डुकरीण

मला ताप आला त्या वर्षी, आश्विनात हाका निघाला. बंदूक नव्हतीच, त्यामुळे जाळी लावून भाल्यानं मारायचं. मला काशिनाथनं एका घळीच्या तोंडाशी जाळ्याची दोरी धरून पालथं झोपवलं आणि स्वतः भाला घेऊन वरच्या कातळाआड बसला. कमरेएवढं गवत, दवानं भिजलेलं. दोन तास मी तसाच पडून. मुंग्या, चिलटं, काय काय अंगावरून फिरत होतं, पण हलायचं नाही.

मग समोरचं गवत बाजूला झालं आणि एक डुकरीण बाहेर आली. मागे सहा पिल्लं, अंगावर पट्टे असलेली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या नाकपुड्या हलत होत्या, तिच्या श्वासाची वाफ मला जाणवत होती. तिनं ठरवलं असतं तर माझी मांडी फाडली असती. पिल्लंवालीला मारायचं नाही हा आमचा रिवाज, त्यामुळे मी दोरी ओढली नाही, श्वासही ओढला नाही. ती गेली. शेवटचं पिल्लू माझ्या कोपरावर पाय देऊन गेलं.

थोड्या वेळानं मोठा नर आला, जाळ्यात पडला, काशिनाथनं भाला मारला. कुणाला ओरखडाही न येता शिकार झाली.

नंतर ओढ्यावर बसून आम्ही अंग तपासलं. रानातून आल्यावर गोचीड बघायचीच. ती ओढून काढली तर तोंड आत राहतं, म्हणून पेटत्या बिडीचं टोक लावतात, मग ती स्वतः सुटते. कमरेवर मागे माझा हात पोचेना. काशिनाथ न बोलता जवळ आला, माझा सदरा वर केला आणि बिडी लावली. चार वेळा चटका बसला. मी शिव्या दिल्या, तो हसला. कितीतरी वर्षांनी माझ्यासमोर हसला, म्हणून मला तो चटका गोड लागला.

ताप

दहा दिवसांनी कारखान्यात स्पॅनर हातातून गळाला. अंग फणफणलेलं, डोकं कुणीतरी पाचरीनं फोडतंय असं. मुरबाडच्या डॉक्टरांनी मलेरियाचं औषध दिलं, मग टायफॉईडचं. दोन्ही मी इमानदारीत घेतलं. ताप ढिम्म हलला नाही. सातव्या दिवशी मला जिन्याच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागली, आणि सुनंदानं, माझ्या बायकोनं, कुणाला न विचारता जीप ठरवली.

कल्याणच्या एका मोठ्या दवाखान्यात मला ठेवलं. सकाळी सहाला चादर बदलायला बाई यायची, मग रक्त न्यायला माणूस, मग नाश्त्याला पातळ उपमा, मग डॉक्टरांची फेरी. रोजचं रक्त बघून मला वाटायचं, या लोकांनी माझ्या अंगात काही शिल्लक ठेवलंय की नाही. मलेरिया नाही, डेंगू नाही, कावीळ दिसते पण मूळ आजार काविळीचा नाही. डोळे पिवळे, लघवी कमी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना मुलगा विचारायचा, "बाबा, काय हवं?" आणि ते म्हणायचे, "या फिटरला बोलतं करा, मला करमत नाही." मला हसायचं असायचं, पण धाप लागायची.

भीती मला तिसऱ्या दिवशी वाटली. डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला बाहेर बोलावलं आणि ती आत आल्यावर माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली भरायला गेली. बाटली भरलेलीच होती.

एक प्रश्न

त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोंगराळ मुलखात शिकून आलेल्या. रोज फेरीत एक प्रश्न विचारायच्याच. "रानात गेला होतात का? गवतात बसला होतात?"

"नाही मॅडम," मी म्हणायचो. "कारखाना ते घर."

का? म्हशाची टपरी डोळ्यांसमोर यायची म्हणून. एकदा बोललो आणि काशिनाथ आत गेला. आता रान म्हटलं की कशाला गेलात म्हणतील, शिकार म्हटलं की कोणकोण म्हणतील, कागदावर लिहितील. मला खरोखर असं वाटत होतं. ताप डोक्यात गेला की माणूस आपल्या मूर्खपणालाही इमान समजतो.

एकदा त्यांनी मला कुशीवर वळवलं तेव्हा त्यांना कमरेवरचे डाग दिसले. "हे काय?"

मी तयारच होतो. "पोटात दुखत होतं, घरच्यांनी डाग दिले."

आमच्याकडे पोटदुखीला, काविळीला तापल्या लोखंडाचे डाग द्यायची जुनी खोड आहे आणि डॉक्टर लोकांचा त्यावर भारी राग. बाई सुनंदावर बरसल्या. शिकलेल्या बायका तुम्ही, माणसाला जाळता, लाज नाही वाटत! सगळा वॉर्ड ऐकत होता. सुनंदा मान खाली घालून उभी. तिनं मला आयुष्यात कधी साधी गरम सांडशी लागू दिली नव्हती. तिलाही नेमाची शपथ होती, त्यामुळे ती गप्प राहिली. बाई गेल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "मी रंडकी झाल्यावर तरी बोलू काय वो?"

मी भिंतीकडे तोंड केलं. आजवर केलेल्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त लाज त्या वळण्याची वाटते.

सुनंदा गावी जाते

पुढचं मला तिच्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या बहिणीला माझ्याजवळ बसवलं आणि पहिली एसटी धरून गावी गेली. घरी नाही, सरळ काशिनाथच्या खळ्यावर. तो भात झोडत होता.

"दादा, डाक्टरीण रोज विचारते रानात गेलते का. हे नाय म्हनतात. मला नेम मोडू द्या. वाटा बंद करा माझ्या घराचा, पन मला बोलू द्या."

काशिनाथनं हातातली पेंढी खाली ठेवली. "काय विचारते ती? परत सांग."

तिनं सांगितलं. डागांचं, शिव्यांचंही सांगितलं.

"किती डाग हायेत कमरंवर?"

"पाच."

"नीट मोजलंस गो?"

"मी अंग पुसते त्यांचं. पाच हायेत. चार फिकं पडलं, एक काळाच हाय, कडंनं लाल."

तो घरात गेला, धुतलेला सदरा घालून बाहेर आला. सुनंदा म्हणते, खळ्यावर भात उघडं टाकून तो निघाला, आणि काशिनाथनं भात उघडं टाकल्याचं गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तिला म्हणाला, "तू कायच बोलू नको. तुझा वाटा ऱ्हाऊ दे. बोलायचं ते मी बोलन."

साक्ष

दुपारी मी डोळे उघडले तर खाटेशी काशिनाथ. हातात टोपी. पोलीस ठाण्यात उभा राहिला असेल तसाच ताठ उभा. डॉक्टरीणबाई समोर होत्या.

"मॅडम, ह्यो माझा भाव खोटं बोलतो. आमी डुकराच्या शिकारीला गेलतो. वीस-एकवीस दिवस झालं. ह्याला मीच गवतात पालथा झोपवला, दोन तास. कायदा मला म्हाईत हाय, मी आत जाऊन आलोय. लिवायचं तर माझं नाव लिवा, काशिनाथ. ह्याचं नको."

बाई काही बोलणार तेवढ्यात त्यानं हात वर केला. "आनि डाग घरच्यांनी नाय दिलं. गोचीड काढाया मी बिडी लावलती. चार चटके. मी मोजून दिलं. ह्याच्या अंगावर पाच हायेत. पाचवा माझा नाय."

बाई म्हणाल्या, "शिकारीचं मी ऐकलंच नाही, काका. तो पाचवा कुठला, ते दाखवा."

मला पालथा केला. काशिनाथचं जाड, भाताचं कुसळ अडकलेलं बोट माझ्या कमरेवर टेकलं. तिथे एवढी गर्दी झाली की मी विचारलं, "काय दिसतंय तरी?" बाईंनी सिस्टरला एक औषध आणायला पळवलं. मग मला म्हणाल्या, "स्क्रब टायफस. गवतातला बारीक किडा चावतो, डोळ्यांना दिसतही नाही. चावला तिथे असा काळा डाग पडतो, अगदी बिडीच्या चटक्यासारखा. तुम्ही मला सांगितलं असतं तर मी चार दिवसांपूर्वीच हे दिलं असतं."

हातभरावर डुकरीण आली तेव्हा मी हललो नाही, याचा मला अभिमान होता. त्याच वेळी पोटाखालच्या गवतातून हा पाहुणा चढत असणार.

बाईंनी सुनंदाचे हात धरून माफी मागितली. सुनंदा तेव्हा रडली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मीही रडलो.

उतार

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी उपमा खारट लागला, आणि आदल्या आठ दिवसांत त्याला काहीच चव नव्हती हे तेव्हा लक्षात आलं. मी दोन बश्या खाल्ल्या. आजोबांनी वॉर्डभर जाहीर केलं, "फिटर सुटला!" लघवी मोजायचं भांडं भरलं तर सुनंदानं ते सिस्टरला असं कौतुकानं दाखवलं, जणू पोरगं पहिलं आलं होतं. आजारपणात माणसाचा आनंद कशाकशात मावतो, ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

घरी आल्यावर महिनाभर पायात जीव नव्हता. सुनंदा माझ्याशी सगळं करायची, पण नीट बोलायची नाही. तिचं बरोबर होतं. भिंतीकडे तोंड फिरवल्याची माफी मी एकदा मागून भागलं नाही, पुष्कळदा मागावी लागली. शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "पुरे आता, भाकर थंड होते." तेव्हा मी खरा बरा झालो असं मी धरतो.

ढीग

थंडीत पुन्हा हाका निघाला. मी गेलो नाही, वाट्याला तेवढा जाऊन बसलो. काशिनाथनं सगळ्यांच्या आधी चालून रान उठवलं होतं, शिकार त्यानंच केली, पानांवर ढीगही त्यानंच लावले. मी मोजले. एक कमी होता.

जाणती माणसं म्हणाली, "काशिनाथ, जीव वाचवाया बोललास. त्याला नेम कसा लागंल?"

"नेम मी घातला," तो म्हणाला. "पयला माझ्यावरच लागला, बरं झालं. दुसऱ्याला लावाया तोंड राहील."

मी माझा अर्धा वाटा घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं तो परत पाठवला, वर निरोप, की बाळ्याला आता मटणाची गरज हाय, हाडं दिसतात. मी तो वाटा खाल्ला नाही. त्या दिवसापासून शिकारीचं मटण मीही घेत नाही.

पुन्हा म्हसा

त्याच पौषात काशिनाथला बैल घ्यायचा होता आणि त्यानं मला बरोबर चल म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बैल बघून झाल्यावर तो चहाला थांबला. टपरी तीच. मी बाकाच्या कडेला टेकलो, पण तो ऐसपैस बसला, दोन चहा सांगितले आणि मोठ्यानं म्हणाला, "बाळ्या, उठ. पाठ कर."

मी काही म्हणायच्या आत त्यानं माझा सदरा वर केला आणि करदोटा खाली सरकवला. थंडीनं माझ्या अंगावर काटा. "बगा रे, ह्यो डाग बगा. रानातून आल्यावर ताप आला आनि अंगावर असा काळा डाग दिसला, तर डाक्टरला सांगायचं, रानात गेलतो. कशाला गेलतो ते कोन विचारत नाय." लोक हसले. कुणी म्हणालं, भाऊ, खेळ लावलाय काय, तिकीट किती? काशिनाथ हसला नाही, माझा सदराही सोडला नाही. गर्दीतल्या माणसांनी येऊन येऊन बघितलं.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आली. डोंगरातल्या वाडीतली, डोक्यावर मिरच्यांची पाटी. ती वाकून डागाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या मानसाला सा दिस झालं ताप हाय. दवाखान्यात हाय. काखंत असाच डाग हाय. डाक्टर इचारतात, तो नाय म्हनतो."

तो माणूस पुढे बरा झाला, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. पण त्या वेळी मला ते माहीत नव्हतं. मी सवयीनं काशिनाथकडे बघितलं. बोलू का, असं.

तो बशीत चहा ओतत होता. "माझ्याकडं काय बगतोस? मुसकं मीच घातलं, मीच काढतो. बोल आता."

चहा तसाच ठेवून आम्ही तिघं जीपकडे निघालो. दवाखाना येईपर्यंत मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हातवारे करून, पूर्वी सांगायचो तसं. आणि काशिनाथ शेजारी बसून मधेमधे माझी चूक काढत होता. "पाच पिल्लं नवती रे, सा व्हती. नीट सांग तिला."